पांढऱ्या मोज्यांवरच्या पिसवा

कडूबाई खंदारे. हे नाव आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढं पान अपुरं पडलं तरी ते राहून जाणार नाही. या मजकुरात जे काही बरोबर आहे ते कडूबाईचं आहे. चुकलेलं आहे ते माझं. आणि तेही इतकी वर्षं कडूबाईच्याच नावावर राहिलं. ते कसं, ते सांगायला बसले आहे.

मी पूर्णेला जनावरांच्या एका खाजगी दवाखान्यात काम करते. सतरा वर्षं झाली. डॉक्टर तपासतात, सुई देतात. मी जनावर धरते, धुते, टेबल पुसते आणि घाबरलेल्या मालकाला खुर्ची देते. बैल-म्हशींसाठी डॉक्टर खेड्यावर जातात. दवाखान्यात येतात ती बहुतेक कुत्री. या दिवाळी अंकाच्या संपादकांचंही कुत्रं आमच्याकडेच येतं. ते म्हणाले, ताई, तुमचे अनुभव लिहा. मी म्हटलं, मी सातवी शिकलेली. ते म्हणाले, आमचं कुत्रं तर काहीच शिकलेलं नाही, तरी तुमचं ऐकतं. याचा माझ्या लिहिण्याशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण मी हो म्हटलं. समोरच्यानं काही मागितलं की हो म्हणायची मला सवय आहे. पुढची सगळी गोष्ट या सवयीमुळंच घडली.

माझं माहेर गुहागरकडचं. आठवीची शाळा खाडीच्या पलीकडे होती आणि आमचं घर अलीकडे, म्हणून सातवीनंतर मी घरीच. लग्न झालं, नवरा रेल्वेत रुळांच्या कामावर लागला आणि आम्ही पूर्णेला आलो. इथं ओळखीचं कुणी नाही. बोलणं वेगळं, माती काळी, आणि ती चपलेला धरते ती घरापर्यंत सोडत नाही. नवरा कामावर गेला की मी क्वार्टरचं दार आतून लावून बसायची. शेजारच्या ओळीत कडूबाई राहायची. ती तेव्हा दवाखान्यात काम करत होती आणि तिचे गुडघे गेले होते. एक दिवस तिनं दार वाजवलं, मला हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "हिला ठेवा. हिला लय भीती वाटती."

डॉक्टर म्हणाले, "मग कशी ठेवू?"

"भीती वाटणारं माणूस जपून धरतंय," कडूबाई म्हणाली.

मी राहिले. कडूबाईनं काम सोडलं, पण दवाखान्याची पायरी सोडली नाही. रोज सकाळी येऊन पायरीवर बसायची. येणारा प्रत्येक मालक आधी तिच्याशी बोलायचा, मग आत यायचा. ती स्वतः कुत्र्याला कधी हात लावायची नाही. वीस वर्षं लावला, आता त्यांनी मला लावावा, म्हणायची.

दुपारी माणसं कमी झाली की ती औषधांची रिकामी खोकी घेऊन बसायची आणि मला मोठ्यानं वाचायला लावायची. ती स्वतः पोरं मोठी झाल्यावर प्रौढांच्या वर्गात शिकलेली, चौथीपर्यंत. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली तिचं त्या वर्गाचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे. "बुद्धाच्या घरात येऊन तू अडाणी ऱ्हाणार का? वाच," म्हणायची. मी वाचायची. मधेच ती म्हणायची, "चुकली."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू चुकलीस की हळू वाचतीस."

तरी एकदा चूक झालीच. पिसवांचं औषध कुत्र्याच्या वजनावर असतं. मी एका लहान कुत्र्याला मोठ्या कुत्र्याची नळी दिली. ते दिवसभर लाळ गाळत बसलं, मग बरं झालं. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "विजयाताई, सांगायचं काम माझं, धरायचं काम तुमचं. औषधपाण्यातलं लोकांना परस्पर काही सांगितलं, दिलं, तर दुसऱ्या दिवशी येऊ नका." त्या रात्री मी जेवले नाही. या गावात माझं म्हणावं असं ते एकच ठिकाण होतं.

आता पिसवांबद्दल थोडं सांगते, कारण लोकांचा फार गैरसमज आहे. गोचीड निराळा, पिसू निराळी. गोचीड चिकटून बसतो, तो दिसतो, उपटता येतो. पिसू चपटी असते, केसातून पळते, आणि बोटात आली असं वाटतं तेव्हा दुसऱ्याच्या कुत्र्यावर असते. ती आहे की नाही हे ओळखायची आमची रीत साधी. कुत्र्याच्या पाठीवरून बारीक फणी फिरवायची आणि फणीतली काळी धूळ ओल्या पांढऱ्या कागदावर झटकायची. माती असली तर काळीच राहते. पिसवांची घाण असली तर तांबडी पसरते, कारण ते कुत्र्याचंच रक्त. हा कागद दाखवला की सगळ्यात तिरसट मालकही खुर्ची मागतो.

माणसं नाना प्रकारची. एक निवृत्त कारकून काडेपेटीत पिसू घालून आले. ही शेजाऱ्याच्या कुत्र्याची आहे असं लिहून द्या म्हणाले. डॉक्टरांनी भिंग लावून नीट बघितलं आणि सांगितलं, पत्ता दिसत नाही. ते म्हणाले, मग दुसरी आणतो. आणली.

सगळ्यात वाईट म्हणजे कापसावर मारायचं औषध. आमच्या भागात ते घरोघर असतं, आणि त्यानं कापसावरचा किडा मरतो तर पिसूही मरेल असा हिशोब. एक शेतकरी पंपानं कुत्र्याला फवारून आला. "पिसवा गेल्या वो, पण कुत्रं बी जायलाय," म्हणाला. ते वाचलं. त्याच महिन्यात दुसऱ्याचं नाही वाचलं. त्या माणसानं कुत्र्याला घरी न्यायला पोतं मागितलं, आणि मी त्याला पोत्याऐवजी दवाखान्यातली चांगली चादर दिली. डॉक्टरांनी चादरीचं विचारलं नाही.

तर तिकीट.

मुंजाजीकाका रेल्वेत फाटकावर गेटमन होते. एक दिवस गाडी गेली आणि फाटक उघडलं तर रुळाजवळ हे पिल्लू उभं. विनातिकीट आलं म्हणून नाव तिकीट. काका निवृत्त झाले तसं तेही त्यांच्याबरोबर निवृत्त होऊन घरी आलं. घर गावाच्या कडेला, तीन खोल्यांचं, आणि थोडं पलीकडे त्यांची शेती. शेतात आखाडा, म्हणजे बैल, कडबा, अवजारं ठेवायचा छपराचा वाडगा. घरात काका, काकू आणि सून रेखा. मुलगा गंगाखेडला साखर कारखान्यात, गळीत हंगामभर तिकडेच.

रेखाला सातवा महिना लागला तेव्हा काका तिकीटला घेऊन आले. कागद तांबडा झाला. डॉक्टरांनी मानेवर, दोन खांद्यांच्या मधे सोडायचं औषध दिलं, दर महिन्याला एकदा, सहा महिने. आणि ते आत हात धुवायला गेले.

काका माझ्याकडे वळले. "ताई, सून बाळंतपणाला माहेरी चालली, पेडगावला. ती म्हणती, पिसवा गेल्याशिवाय बाळ घेऊन परत येत न्हाई. पहिलं बाळ हाय आमच्या घरातलं. मी काय करू?"

त्यांचा आवाज असा होता की काहीतरी दिल्याशिवाय मला राहवेना. औषध तर दिलंच होतं. मी म्हटलं, "कुत्रं आखाड्यावर ठेवा की बाळ येईपर्यंत. घरात कुत्रंच नाही तर पिसवा कुठल्या?"

"जातील ना?"

"जातील."

इतकंच. सांगायचं काम डॉक्टरांचं होतं, आणि मी सांगितलं. काका खुश होऊन गेले. पायरीवर कडूबाई होती. तिनं मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं, पण मी काय बोलले ते तिला ऐकू गेलं होतं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

तिकीट आखाड्यावर गेलं. काका दर महिन्याला त्याला घेऊन यायचे, मी फणी फिरवायची, कागद कोरा. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "काका, आता बिनघोर आणा सुनेला." हे दुसरं सांगणं.

रेखा सव्वा महिन्याचं बाळ घेऊन आली. तिच्या खोलीला कुलूप होतं. माहेरी जाताना सून आपली पेटी, आपलं सामान खोलीत ठेवून कुलूप लावते आणि किल्ली बरोबर नेते. सासू त्या दाराला हात लावत नाही. चांगल्या घरांत ही सभ्यता पाळतात, आणि हे चांगलं घर होतं. त्यामुळं चार महिने त्या खोलीत झाडू गेला नव्हता. रेखानं कुलूप काढलं, बाळाला पलंगावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या पायांवर ओळीनं तांबडे ठिपके होते. तिच्याही पोटऱ्यांवर.

काका सकाळीच दवाखान्यात आले. डॉक्टर खेड्यावर गेले होते. "ताई, सुनेचा भाऊ दुपारी जीप घेऊन यायलाय. ती चालली परत. आन् कुत्र्याला त्याच जीपमधी घालून कुठंतरी लांब सोडून द्या म्हणती. आखाड्यावरून आमी त्याला कालच घरी आणलं होतं, बाळ आलं म्हणून." त्यांनी टोपी काढली. "त्यानंच परत आणल्या असतील का?"

एका रात्रीत ते कसं शक्य आहे हे मला माहीत नव्हतं. मी पायरीवर गेले आणि कडूबाईला सगळं सांगितलं, माझ्या दोन्ही वाक्यांसकट. वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "नातीचे मोजे हायेत का बघ घरात. शाळेचे. पांढरे."

तिची नात तेव्हा तिच्याकडे राहून शाळेत जायची. मोजे गुडघ्यापर्यंतचे होते. रिक्षात बसून आम्ही काकांच्या घरी गेलो. दारात कडूबाईनं मला ते घालायला लावले.

"आता प्रत्येक खोलीत जायचं आन् घुटमळत फिरायचं. लग्नात जेवायची पंगत उठायची वाट बघतात ना, तसं."

सातवीनंतर शाळेचे मोजे मी पहिल्यांदाच घातले होते. पुढच्या खोलीत फिरले. मोजे पांढरे. स्वयंपाकघरात फिरले. उजव्या मोज्यावर एक. मग रेखाच्या खोलीत. दोन मिनिटं झाली असतील नसतील, कडूबाई दारातून म्हणाली, "बाहेर ये, हलू नको." उजव्यावर चौदा, डाव्यावर अकरा. बाकीच्या मोजायच्या आत उडाल्या. काकूंनी तोंडाला पदर लावला. रेखा बाळाला घेऊन ओसरीवर उभी होती.

कडूबाई गुडघे धरत त्या खोलीत गेली, पलंगाखाली वाकली आणि कोपऱ्यातून एक पोतं ओढलं. पोत्यावर तिकीटच्या रंगाचे केस होते. कुत्र्याला घरात फक्त ओसरीपर्यंत परवानगी होती. नवरा गंगाखेडला, सातवा महिना, एकटीला झोप येत नाही, म्हणून रेखाच त्याला आत घेऊन पलंगाखाली निजवायची. हे पुढं तिनंच हसत सगळ्यांना सांगितलं, म्हणून लिहिते. त्या दिवशी ती फक्त खाली बघत होती. कडूबाईनं पोतं घडी केलं, केसांची बाजू आत घातली आणि काकूंना म्हणाली, "जुनं पोतं हाय. उंदरानं ओढलं असंल."

मग तिनं पायरीवर बसल्यासारखं ओसरीवर बसून सगळ्यांना समजावलं. तेच मी तेव्हापासून प्रत्येक मालकाला सांगते, डॉक्टरांच्या परवानगीनं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. बाकीचा कुटुंबकबिला घरात असतो: फटीत, पोत्यात, वाकळेत. अंडी असतात, अळ्या असतात, आणि कोश असतात. कोशातली पिसू काही महिने गप्प बसू शकते. खोलीत कुणी नसलं तर ती बाहेर येत नाही. माणसाचं पाऊल वाजलं, ऊब लागली, श्वास लागला, की निघते. चार महिने बंद खोली म्हणजे तिच्यासाठी चार महिन्यांची वाट. कुलूप उघडलं आणि सगळ्या एकदम उठल्या. खोलीत कुत्रं असतं तर त्या कुत्र्यावर गेल्या असत्या. कुत्रं चार महिने आखाड्यावर होतं, आणि त्या रात्री ओसरीवर. बाळ पलंगावर होतं.

म्हणजे मी सांगितलं ते बरोबर उलटं होतं.

"आता कुत्र्याचं काय?" काका म्हणाले.

"त्याला या खोलीत बांधा," कडूबाई म्हणाली.

 मग रेखाचा भाऊ म्हणाला. तो एवढ्यात जीप घेऊन पोचला होता. "मावशी, डोकं ठिकाणावर हाय का?"

"माझं हाय. ऐक. कुत्र्याच्या अंगावर औषध हाय. पिसू त्याच्यावर गेली की मरती. माणसावर गेली की चावून परत फटीत जाती. कुत्रं लांब सोडलं तर तुमच्या घरात औषधवालं कोण ऱ्हाणार? तू?"

भाऊ म्हणाला, "मी कामून?"

"मग त्याला ऱ्हाऊ दे."

रेखा पहिल्यांदा बोलली. "किती दिवस?"

"तू बाळ घेऊन पुढच्या खोलीत ऱ्हा. अंथरूण-पांघरूण सगळं उकळत्या पाण्यात. पोतं जाळा. खोली रोज दोनदा झाडा, केर चुलीत. कुत्रं आत. आन् सगळ्यांनी येता-जाता त्या खोलीत पाय आपटायचे, म्हंजे राहिलेल्या उठतील. बाळ असलेल्या घरात फवारा मारायचा न्हाई."

"पाय आपटायचे?" काकू म्हणाल्या.

"रोज."

भावाला चहा मिळाला. दोन कप पिऊन तो मोकळी जीप घेऊन पेडगावला गेला. जाताना तिकीट जीपजवळ येऊन उभं राहिलं, तर रेखानं त्याला गळपट्ट्याला धरून आत नेलं. जरा घाईनंच नेलं.

मी दर रविवारी मोजे घालून जायची. पंचवीस होत्या त्या नऊ झाल्या. मग चार. मग परत सहा, आणि मला रडू आलं, तर कडूबाई म्हणाली, "कोश फुटायलेत. फुटू दे." मग दोन. मग सलग तीन रविवार पांढरे. बाळ आपल्या खोलीत गेलं. काकू मात्र त्यानंतरही कितीतरी दिवस त्या दारात आल्या की सवयीनं पाय आपटायच्या.

आता मधलं सांगायचं राहिलं. ते मी मागं ठेवलं, कारण लिहायला हात उचलत नव्हता.

त्या मोज्यांच्या दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात आले. रागानं नाही, डॉक्टरांना हकिकत सांगायला. सहा-सात माणसं बसलेली. सगळं सांगून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पण कुत्रं आखाड्यावर ठेवा असं तुम्हाला सांगितलं कुणी? मी नाही सांगितलं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या दोन्ही हातांत त्या वेळी एका अल्सेशियनचं तोंड होतं. सोडलं असतं तर ते डॉक्टरांना चावलं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगते. तोंड मी त्याचं धरलं होतं, पण बंद माझं झालं होतं.

पायरीवरून आवाज आला. "मी सांगितलं, डॉक्टरसाहेब."

काका म्हणाले, "न्हाई, ते..."

"मीच सांगितलं, मुंजाजीराव. तुमी विसरलाव." तिनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी टोपी नीट केली आणि गप्प बसले.

डॉक्टरांनी थोडा वेळ सुई भरली. मग म्हणाले, "कडूबाई, तुमचं वय झालं. उद्यापासून औषधपाण्यातलं लोकांना काही सांगत जाऊ नका." आवाज चढवला नाही. पण सहा-सात माणसांनी ऐकलं होतं. पूर्णेसारख्या गावात तेवढी पुरतात. जी बाई काल त्या घरातल्या पिसवा पायमोज्यांवर मोजून आली होती, तिला दुसऱ्या दिवसापासून कुणी काही विचारेना. माणसं पायरीवरून सरळ आत यायला लागली. ती आणखी महिनाभर येऊन बसली. मग म्हणाली, गुडघे लय दुखायलेत. आणि यायची थांबली.

मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "कामून केलं असं?" इथलंच बोलणं तोंडात आलं.

"मी कुठं आता नोकरीला हाय, काढायला?" ती म्हणाली. "तू दार लावून बसायचीस, तेच बरं होतं का? हे घे." आणि एक रिकामं खोकं हातात दिलं. "वाच."

मी वाचलं. मधेच ती म्हणाली, "चुकली." मी चुकले नव्हते. डोळे भरल्यामुळं हळू वाचत होते.

पुढं ती मुलाकडे गंगाखेडला राहायला गेली. मी सणाला जाते. ती अजून खोकी जमवून ठेवते माझ्यासाठी, तिकडच्या औषधांच्या दुकानातून आणवते. डॉक्टरांना मी खरं कधी सांगितलं नाही. दरवर्षी ठरवलं आणि दरवर्षी हातात कुणाचं तरी तोंड होतं. तिकीट आता म्हातारं झालंय. रेखाची मुलगी शाळेत जाते आणि तिच्या पायांत पांढरे मोजे असतात. ती दवाखान्यात आली की माझी नजर आधी तिच्या पायांवर जाते.

हा अंक दरवर्षी डॉक्टरांच्या टेबलावर येतो, आणि दुपारी ते तो पहिल्या पानापासून वाचतात. यंदाही वाचतील. तेव्हा डॉक्टरसाहेब, कुत्रं आखाड्यावर ठेवा असं मी सांगितलं होतं. सुनेला बिनघोर आणा, असंही मीच. कडूबाईनं नाही. त्याबद्दल जे ठरवायचं ते तुम्ही ठरवा. दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हणालात तर माझं काही म्हणणं नाही.

फक्त त्याआधी एक दिवस द्या. गंगाखेडची एसटी सकाळीच सुटते. कडूबाईला मी धरून आणीन, जपून धरते मी. पायरी धुऊन ठेवीन, तिला बसवीन, आणि दवाखाना भरलेला असताना, हातात काही न धरता, हेच सगळं पुन्हा मोठ्यानं वाचीन. न चुकता, आणि हळू नाही.